बारगीर आणि शिलेदार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा आम्हांस संकोचच वाटला. आम्ही व्याख्याते नव्हे. संगणकाच्या आज्ञावल्या लिहून देणे हा आमचा धंदा, आणि तोही कोणाच्या कायम नोकरीत राहून नव्हे, तर आज या गिऱ्हाइकाचे व उद्या त्या गिऱ्हाइकाचे काम कराराने पत्करून. तथापि गेल्या श्रावणात एक प्रसंग घडला. त्यामुळे या विषयावर मौन धरणे आम्हांस योग्य वाटेना.

आपल्यांतीलच एक गृहस्थ मंडळाच्या वधूवर सूचीचा अर्ज घेऊन आमच्या घरी आले. त्यांचे चिरंजीव पुण्यास सॉफ्टवेअरचे काम करतात. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून ते स्वतंत्रपणे कामे घेऊ लागले. प्राप्तीही बरी आहे. परंतु ‘मुलगा घरीच असतो’ एवढ्याच कारणावरून दोन स्थळांनी नकार कळविला. अर्जातील ‘नोकरी’ या रकान्यापुढे काय लिहावे, हे त्या पित्यास सुचेना. ‘तुम्हीच त्याला समजवा, आणि कोठेतरी चिकटायला सांगा,’ असे ते काकुळतीने म्हणाले. त्या दिवशी आम्ही त्यांना चहा दिला. उत्तर देऊ शकलो नाही. आजचे हे बोलणे म्हणजे ते राहून गेलेले उत्तर होय.

प्रथम हा धंदा आहे तरी काय, ते पाहू. याला इंग्रजीत ‘फ्रीलान्स’ म्हणतात. सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीत हा शब्द भाडोत्री भालाईतांसाठी आला आहे. आपल्याला मात्र त्यासाठी इतके दूर जावयास नको. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा व हत्यार सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस उभा राही. बारगीर असण्यात कमीपणा नव्हता, आणि शिलेदार म्हणजे बेकार असेही कोणी समजत नसे. आजचा नोकरदार हा बारगीर आणि कंत्राटी काम करणारा हा शिलेदार. फरक इतकाच की शिलेदाराला घोड्याचा दाणावैरण, त्याचे आजारपण आणि दोन मोहिमांमधील रिकामे दिवस हे सारे स्वतःच सोसावे लागते. ज्याला हे उमगले नाही, त्याने घोड्यावर बसू नये.

आम्ही स्वतः हौसेने या वाटेस लागलो असे नाही. २००८ सालच्या जागतिक मंदीनंतर आमची नोकरी गेली, आणि २००९ च्या उन्हाळ्यात आम्ही घरी बसलो. आमच्या सौभाग्यवती शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून चूल पेटत राहिली, हे या सभेत उघडपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिले चार महिने आम्ही अर्जांमागून अर्ज धाडले आणि एकही काम मिळाले नाही. अखेर काम मिळाले ते जुन्या कचेरीतील एका सहकाऱ्यामुळे. तो दुसरीकडे गेला होता. तेथे एका औषधविक्रेत्याच्या साठ्याची नोंद ठेवणारी आज्ञावली बिघडली होती, आणि त्याने आमचे नाव सुचविले. त्यानंतर आमची बहुतेक कामे याच वाटेने आली. म्हणून नव्या मुलांना आमचे पहिले सांगणे असे की, नोकरी सोडताना दार आपटून बाहेर पडू नका. ज्यांच्या शेजारी बसून तुम्ही पाच वर्षे काम केले, तेच तुमचे पहिले पेठवाले आहेत.

दुसरी वाट आंतरजालावरील बाजारांची. १९९९ साली ‘ईलान्स’ व २००३ साली ‘ओडेस्क’ असे दोन बाजार निघाले. पुढे ते एकत्र झाले आणि २०१५ पासून ‘अपवर्क’ या नावाने चालतात. ‘फ्रीलान्सर’ हा ऑस्ट्रेलियातील बाजार २००९ सालचा, तर ‘फायव्हर’ २०१० सालचा. तेथे गिऱ्हाईक आपली गरज मांडतो आणि देशोदेशींचे लोक बोली लावतात. बाजार आपली दलाली घेतो, आणि काही ठिकाणी तर बोली टाकण्यासाठीही पैसे मोजावे लागतात. आपली मुले तेथे जाऊन सर्वांत कमी दर सांगतात, आणि मग महिनोन्‌महिने राबून हाती काही उरत नाही म्हणून खचतात. बोलीच्या पत्रात आपली स्तुती लिहू नये. गिऱ्हाइकाची अडचण दोन ओळींत त्यालाच समजावून सांगावी आणि ती आपण कोणत्या क्रमाने सोडवू ते लिहावे. शंभर पत्रांत असे पत्र क्वचितच असते, म्हणून ते वाचले जाते. पहिली दोन-तीन कामे लहान, ठरीव रकमेची घ्यावीत. ती चोख केल्यावर मिळणारे अभिप्राय हेच तेथील भांडवल होय.

तिसरी वाट संथ, परंतु पक्की आहे. ज्या आज्ञावल्यांचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला असतो, त्यांतील दोष दुरुस्त करून देण्याची ही वाट. असे केलेले काम ‘गिटहब’सारख्या ठिकाणी कोणालाही पाहता येते, आणि ते शिफारसपत्राहून बोलके असते. आपल्या मुंबईत तयार झालेली ‘ईआरपीनेक्स्ट’ ही हिशेब व कारखानदारीची खुली आज्ञावली यांपैकीच आहे. तिची नीट माहिती असलेल्या माणसास लहान कारखाने काम देतात. मग तो सांगलीत राहो की संभाजीनगरात.

आणखी एक गोष्ट. ‘मला सर्व काही येते’ असे म्हणणाऱ्यास कोणी बोलावीत नाही. एक अरुंद क्षेत्र धरावे. १९५९ साली आकारास आलेली ‘कोबॉल’ ही भाषा जुनी झाली म्हणून हसणारे हसतात, परंतु अनेक बँकांचे व्यवहार तिच्यावर आजही चालतात, आणि ती जाणणारे विरळ होत आहेत. २०२२ च्या अखेरीस ‘चॅटजीपीटी’ आल्यापासून किरकोळ पाने बनविण्यासारखी कामे आमच्याकडील काही गिऱ्हाइके यंत्राकडूनच करून घेऊ लागली आहेत. गिऱ्हाइकाचा धंदा समजून घेऊन त्याची नेमकी अडचण ओळखणे, हे काम मात्र अजून माणसाकडेच येते.

आता दराचा हिशेब. येथे बहुतेक जण फसतात. वार्षिक १२ लाखांची नोकरी सोडणारा तरुण म्हणतो, वर्षात कामाचे दिवस २४०, तेव्हा दिवसाला ५ हजार मिळाले की बरोबरी झाली. ही बरोबरी नव्हे, तूट आहे. २४० दिवसांपैकी सुमारे ८० दिवस काम शोधण्यात, बिले करण्यात आणि नवे शिकण्यात जातात. बिल लावता येते ते १६० दिवसांचे. शिवाय भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाचा विमा, यंत्रसामग्री आणि रिकाम्या महिन्यांची तजवीज यांसाठी निदान ४ लाख धरा. म्हणजे १६ लाख भागिले १६०. दिवसाचे १० हजार झाले. मुलाने मनात धरलेल्या दराच्या बरोबर दुप्पट! हा दर जोवर कोणी देत नाही, तोवर नोकरी सोडू नये, आणि सोडताना निदान सहा महिन्यांचा घरखर्च गाठीस असावा.

आता आमच्या मूर्खपणाची गोष्ट सांगतो. २०१३ साली एका ओळखीच्या व्यापाऱ्याचे काम आम्ही तोंडी ठरावावर पत्करले. ‘घरचेच काम आहे, कागद कशाला?’ असे ते म्हणाले, आणि आम्हांसही ते पटले. पाच महिने राबलो, मूळ आज्ञावलीसह सारे त्यांच्या हवाली केले, आणि मग बिल पाठविले. आजतागायत त्यातील एक पैसा आलेला नाही. त्या वर्षी मुलीच्या महाविद्यालयाची फी भरण्यासाठी घरातील दागिना गहाण पडला. त्या व्यापाऱ्यास आम्ही येथे दोष देत नाही. दोष आमच्या अज्ञानाचा होता.

कारण कायदा आमच्या बाजूस होता, आणि आम्हांस तो ठाऊक नव्हता. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे लागतात. न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते, आणि दाद मागण्यासाठी राज्यांत परिषदा नेमलेल्या आहेत. मात्र त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी. ती काम घेण्यापूर्वीच करून ठेवावी. तहान लागल्यावर विहीर खणू नये. या कायद्याचा उपयोग देशी गिऱ्हाइकापुरताच; परदेशी गिऱ्हाइकाबाबत आगाऊ रक्कम हेच संरक्षण.

तसेच १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाची आज्ञावली हे साहित्यकृतीप्रमाणे धरले जाते. नोकराने नोकरीत लिहिलेल्या आज्ञावलीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, धनी असतो. स्वतंत्रपणे काम करणाराच्या बाबतीत सामान्यतः तो स्वतः मालक असतो, आणि लेखी हस्तांतरणाशिवाय ती मालकी दुसऱ्याकडे जात नाही. म्हणून करारात एक वाक्य अवश्य असावे: संपूर्ण रक्कम पोचल्यावरच मालकी गिऱ्हाइकाकडे जाईल. याखेरीज कामाची सीमा, टप्पे, प्रत्येक टप्प्याची रक्कम, प्रारंभीचा इसार आणि वाढीव कामाचा वेगळा दर, इतक्या पाच गोष्टी एका पानावर मावतात. ते पान मागताना ज्याला लाज वाटते, त्याला पुढे पैसे मागताना अधिक लाज वाटते, हा आमचा अनुभव आहे.

करांविषयी थोडे. ७५ लाखांपर्यंत जमा असलेल्या व रोखीचा व्यवहार अगदी अल्प असलेल्या व्यावसायिकास जमेचा निम्मा भाग नफा समजून कर भरण्याची सोय आयकर कायद्यात आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते. परदेशी पुरविलेल्या सेवेवर, नियम पाळल्यास, हा कर पडत नाही. जाणत्या सनदी लेखापालास वर्षातून एकदा तरी विचारावे. विवरणपत्र दरवर्षी भरावे, कारण तेच आपले वेतनपत्र होय. गृहकर्ज देणारी बँक तेच मागते.

आता वडीलधाऱ्यांकडे वळतो. मुलगा रात्री साडेसातला संगणकापुढे बसतो म्हणून रागावू नका. हिवाळ्यात न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. त्याची कचेरी तेव्हा उघडते. वधूपित्यांनी नेमणुकीचे पत्र मागण्याऐवजी गेल्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे पाहावीत. कोणत्या गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा काम दिले, हे विचारावे. पुन्हा आलेले गिऱ्हाईक ही कोणत्याही नेमणूकपत्राच्या तोडीची खूण आहे. आणि मुलाकडे विवरणपत्रे नसतील, तर नकार देण्यास आमची हरकत नाही.

शेवटी एक कबुलीजबाब, आणि तो या मंडळाचाच आहे. चार वर्षांपूर्वी मंडळाचे संकेतस्थळ आपल्याच एका तरुणाने बनविले. वधूवर सूची, वसतिगृहाचे अर्ज, देणग्यांच्या पावत्या अशी सगळी सोय त्याने तीन महिने खपून केली. कार्यकारिणीने त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला आणि मोबदल्याचा विषय निघाला तेव्हा ‘घरचेच काम आहे’ असे ठरले. त्या ठरावाच्या बाजूने आमचाही हात वर होता. ज्या वाक्याने २०१३ साली आमचे घर अडचणीत आले, तेच वाक्य आम्ही त्या मुलाला ऐकविले, आणि तेव्हा आम्हांस ते आठवलेही नाही. गेल्या श्रावणात अर्ज घेऊन आलेले गृहस्थ त्याच मुलाचे वडील होत. ते याविषयी एक शब्दही बोलले नाहीत. आमचे उत्तर त्या दिवशी घशात अडकले ते यामुळेच.

म्हणून या सभेपुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. एक, सूचीच्या अर्जातील ‘नोकरी’ हा शब्द काढून तेथे ‘नोकरी अथवा व्यवसाय’ असे छापावे. दोन, त्या तरुणास त्याच्या कामाचा रास्त मोबदला द्यावा. आमचा वाटा आम्ही आजच कोषाध्यक्षांकडे जमा केला आहे. तीन, त्याच्या कामाविषयी मंडळाच्या कागदावर, अध्यक्षांच्या सहीने, एक प्रामाणिक पत्र द्यावे. नव्या गिऱ्हाइकाच्या दारात ते पत्र शालीपेक्षा अधिक ऊब देईल.

ज्ञातीने आपल्या मुलांना शिष्यवृत्त्या देऊन शिकविले, वसतिगृहे बांधली. आता ती मुले स्वतःच्या घोड्यावर बसू पाहत आहेत. घोडा त्यांचा तेच आणतील. चाकरीचा मोल मात्र आपण चुकवू नये.