तेल गळतंय कुठून?

(वारंगा फाटा इथल्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



नांदेड, हिंगोली आणि हदगावचे रस्ते मिळतात त्या ह्याच फाट्यावर मागच्या पावसाळ्यात आपली जुनी फोर-व्हील जीप रात्री उभी करावी लागली. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली एक बाई लेकराला घेऊन आपली वाट बघत होती, आणि इकडे ऑइलचा लाल दिवा लागला होता. सकाळी मिस्त्री मला म्हणाला, "ताई, घरातल्या माणसाला पाठवा." त्या माणसाला सांगितलं, "इंजिन उतरवावं लागेल."

उतरवावं लागलं नाही. आम्ही तिघींनी अंगणातच काम केलं.

ऑइल सील म्हणजे काय? कुकरची रिंगच समजा. फिरत्या दांड्याभोवती रबराची ओठासारखी कड आणि तिला आवळणारी बारीक स्प्रिंग. उष्णतेनं रबर कडक झालं की तेल झिरपतं. कुकरची शिट्टी तुंबली की वाफ रिंगेतून निघते. तसा इंजिनचा ब्रीदर पाईप तुंबला की नवं सीलसुद्धा गळतं. म्हणून आधी ब्रीदर साफ करा. गार इंजिन रॉकेलनं पुसा, गाडी थोडी फिरवा आणि सगळ्यात वर ओलं कुठं ते बघा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळलं तरी तेल खालीच उतरतं आणि दोष सीलवर येतो.

आमचं पुढचं सील गेलं होतं. बॅटरीची वायर काढली, चाकांना दगड लावले. रेडिएटर, पट्टा, मग पुलरनं क्रँकची पुली काढली. जुनं सील उचकटताना दांड्यावर ओरखडा पडू द्यायचा नाही. पुलीच्या गळ्यावरून नख फिरवा. खाच लागली तर नवं सील किंचित वर बसवा, म्हणजे कड कोऱ्या जागी टेकते. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. कडेला तेल लावून लाकडी ठोकळ्यानं चारी बाजूंनी सारखं ठोकायचं.

मागचं सील मात्र वेगळं. त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते वजन अंगावर घेऊ नका, गॅरेजला न्या. पण शेजारी उभं राहून बघा आणि जुनं सील मागून घ्या.

1948 च्या कारखाना कायद्यात, कलम 22 मध्ये, चालू इंजिनाला तेल घालायला, ते पुसायला बाईला मनाई होती. का? चालू यंत्र पुरुषाचाही हात ओढतंच की! आणि बंद इंजिनाची मनाई तर त्या कलमातही नव्हती. ती आपल्या घरांनी घातली.

त्या बाईपर्यंत आपण दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. ती रात्र तिनं देवळाच्या ओट्यावर काढली. म्हणून सांगते, पुढच्या बैठकीला प्रत्येक गावातून दोघी या. जीप अंगणात उघडून ठेवते. जुने कपडे घालून या.