खांद्यावरचं आणि छातीवरचं



पुण्यात विसर्जनाच्या दिवशी एखाद्या मंडळाचा रथ कितीही मोठा असो, रोषणाई कितीही लाखांची असो, कसबा गणपतीच्या पुढे कुणी जात नाही. कसबा पहिला, मग तांबडी जोगेश्वरी, मग गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि शेवटी केसरीवाडा. दर्शनाची सगळ्यात लांब रांग लागते दगडूशेठच्या गणपतीला, पण मानाच्या पाचांत तो नाही, आणि त्यावरून कुणी डोकं फोडून घेत नाही. मी कसब्यातला. वैभव एकीकडे आणि मान दुसरीकडे, ही व्यवस्था आम्हाला लहानपणापासून अंगवळणी पडलेली आहे. म्हणूनच तुमच्या झुरिकच्या मंडळाने ‘सैन्यातले हुद्दे आणि सन्मान’ असा विषय दिला तेव्हा मी लगेच होकार कळवला. लष्करातही हे दोन हिशेब वेगळे असतात. हुद्दा खांद्यावर, सन्मान छातीवर. आणि बाहेरची माणसं, म्हणजे आपण सगळे, त्यांची नेहमी गल्लत करतो.

आधी खांदा पाहू. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत तीन वर्षं आणि डेहराडूनला एक वर्ष काढून मुलगा लेफ्टनंट होतो. खांद्यावर दोन तारे. कॅप्टनला तीन. मेजर झाला की तारे जातात आणि अशोकस्तंभाचे सिंह येतात. लेफ्टनंट कर्नलला सिंह आणि एक तारा, कर्नलला सिंह आणि दोन तारे, ब्रिगेडियरला सिंह आणि तीन. त्यावर जनरल मंडळी. त्यांच्या खांद्यावर एकमेकांना छेद देणारी तलवार आणि दंड असतो. मेजर जनरलला त्यासोबत तारा, लेफ्टनंट जनरलला सिंह, आणि पूर्ण जनरलला दोन्ही.

आता यातली एक गोष्ट पुण्यातल्या पेढेवाल्यांना फायद्याची आहे. साधारण दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर आणि तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल, इथपर्यंतची बढती ठरावीक सेवा आणि परीक्षा यांवर मिळते. खरी चाळणी लागते ती कर्नलच्या वेळी. तिथे निवड मंडळ बसतं आणि तिथून पुढे मनोरा भराभर अरुंद होत जातो. पण पेढे वाटले जातात ‘लेफ्टनंट’ गाळून, नुसतं ‘आमचा कर्नल झाला’ म्हणत. वाटू देत. मात्र दोघांच्या कॉलरकडे पाहा. लाल पट्टी कर्नलपासून सुरू होते.

या अधिकाऱ्यांच्या आणि जवानांच्या मध्ये नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर असा एक थर आहे. शिपाई म्हणून भरती होऊन वीस-पंचवीस वर्षांनी इथपर्यंत आलेली ही माणसं पलटणीचा कणा असतात. तेवीस वर्षांचा लेफ्टनंट हुद्द्याने त्यांच्या वर असतो, पण तोही सुभेदाराला ‘साहेब’ म्हणूनच हाक मारतो. ज्याला हे जमत नाही, त्याचं पलटणीत काही खरं नाही.

हुद्द्यांची उतरंड आपल्याकडे इंग्रजांनी आणली असा एक समज आहे. तो खरा नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बखर लिहिली. तीत शिवाजी महाराजांच्या पायदळाची रचना दिली आहे: दहा माणसांत एक नाईक, पाच नाईकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी आणि या सगळ्यांवर सरनोबत. नाईक आणि हवालदार आजच्या पलटणीतही आहेत.

सन्मानांचा तपशील तर त्याहून वाचण्यासारखा आहे. प्रतापगडच्या लढाईनंतर कुणाला काय दिलं ते सभासद सांगतो. कुणाला हत्ती, कुणाला घोडा, कुणाला सोन्याचं कडं, तुरा, पदक. जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं, आणि ज्याला मुलगा नव्हता त्याच्या बायकोला निम्मं वेतन लावून दिलं. यात मला महत्त्वाचं वाटतं ते ‘जखम पाहून’. हुद्दा पाहून नव्हे. आणि जेधे करीन्यातली हकीकत तुम्हाला ठाऊक असेल. तलवारीच्या पहिल्या पानाचा मान कान्होजी जेध्यांच्या घराण्याकडे होता. पावनखिंडीत बांदलांची माणसं कापली गेली, तेव्हा महाराजांनी तो मान बांदलांना दिला, आणि जेध्यांनी तो सोडला. मानाच्या क्रमावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चाललेले असताना एका घराण्याने आपला पहिला नंबर दुसऱ्याला देणं, ही साधी गोष्ट नव्हे.

इंग्रजांची तऱ्हा वेगळी होती. त्यांनी शौर्यालाही हुद्द्याच्या खणांत बसवलं. अधिकाऱ्याने पराक्रम केला तर मिलिटरी क्रॉस. तशाच पराक्रमाबद्दल साध्या शिपायाला मिलिटरी मेडल. आणि व्हिक्टोरिया क्रॉस? तो हिंदी सैनिकाला मिळूच शकत नव्हता. 1857 पाहिलेल्या, अफगाण सरहद्दीवर मेलेल्या पलटणींना 1911पर्यंत त्या पदकाचं दार बंद होतं. त्यांच्यासाठी ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ असा निराळा पाट मांडलेला. 1911च्या दिल्ली दरबारात ते दार उघडलं.

त्या दारातून पुढे दोन मराठी माणसं आत गेली, आणि दोघंही अधिकारी नव्हते. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातला यशवंत घाडगे हा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होता. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तो सोडून बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटा त्या मोर्चावर धावला. हातबॉम्बने मशीनगन आणि तिच्यावरचा माणूस उडवला, टॉमीगनने आणखी एकाला मारलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग दुरून आलेल्या गोळ्यांनी तो तिथेच पडला. वय बावीस. सभासदाच्या हिशेबाने दहा माणसांचा नाईक, आणि दहांतला एकटा उरलेला. त्याच्या नावाचं स्मारक मोन्तोने गावात उभं आहे. तुमच्या झुरिकहून गाडीने निघालात तर एका दिवसात पोचाल.

दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे, पहिल्या बटालियनमधले शिपाई. कंपनी कमांडरचे निरोप पोचवणारे ‘रनर’. 9 एप्रिल 1945ला सेनिओ नदीच्या काठी त्यांनी गोळीबारातून दोन जखमींना पाठीवर वाहून मागे आणलं, मग तीन मशीनगन गप्प केल्या, आणि पूर्वेच्या बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या तुकड्यांना नदीपार बोलावलं. त्यांच्या बाहीवर हुद्द्याची एकही फीत नव्हती. फिती लान्स नाइकापासून पुढे. ते 1984 साली पुण्यात वारले.

स्वतंत्र भारताने ही खणाखणांची पेटी मोडली. 26 जानेवारी 1950ला परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र सुरू झाली, 15 ऑगस्ट 1947पासून लागू धरून, आणि तिन्ही सर्व हुद्द्यांना खुली. जनरल आणि शिपाई यांना एकच पदक. खुद्द ब्रिटनने मिलिटरी मेडल बंद करून मिलिटरी क्रॉस सर्वांना खुला केला तो 1993 साली. या बाबतीत आपण त्यांच्या त्रेचाळीस वर्षं पुढे होतो, आणि हे आपण फारसं कुणाला सांगत नाही.

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला इथे, स्वित्झर्लंडमध्ये, सांगायला मला विशेष आनंद होतो. परमवीरचक्राची आकृती ज्यांनी रेखली त्या सावित्रीबाई खानोलकरांचा जन्म 1913 साली न्यूशातेलला झाला. इथून आगगाडीने दीड तास. माहेरचं नाव ईव्ह इव्होन. वडील हंगेरियन, आई रशियन. सँडहर्स्टला शिकणारा विक्रम खानोलकर सुट्टीत इकडे आला, ओळख झाली, आणि घरच्यांचा विरोध मोडून ही मुलगी हिंदुस्थानात गेली. 1932 साली लखनौला लग्न झालं. मग तिने मराठी, हिंदी, संस्कृत शिकून घेतलं, पुराणं वाचली, महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तक लिहिलं. सासरची भाषा इतकी मनापासून आपलीशी करणारी सून आपल्याकडे जन्मलेल्यांतही दुर्मीळ, असं मी पुण्यात म्हटलं असतं तर सभागृहात दोन तट पडले असते. इथे धोका कमी आहे.

लष्करी पदकांची जबाबदारी मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे होती. त्यांनी रेखाटनाचं काम सावित्रीबाईंना दिलं. सावित्रीबाईंनी घेतलं इंद्राचं वज्र, दधीचीने स्वतःची हाडं देऊन घडवू दिलेलं. मधोमध राजमुद्रा, भोवती चार वज्रं, जांभळी फीत. पदक कांस्याचं, व्यास साधारण साडेतीन सेंटीमीटर. आमच्या कसब्यातल्या तांबट आळीत मोडीत घातलं तर चहाचे पैसे सुटतील की नाही शंका आहे. ते पहिल्यांदा मिळालं मेजर सोमनाथ शर्मा यांना, मरणोत्तर. सोमनाथ हे सावित्रीबाईंच्या जावयाचे थोरले भाऊ. ज्या पदकाची आकृती घरात काढली, ते व्याह्यांच्या घरी असं पोचलं.

आजवर एकवीस जणांना परमवीरचक्र मिळालं, त्यातल्या चौदांना मरणोत्तर. जिवंतपणी ज्यांनी ते पहिल्यांदा मिळवलं ते राम राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडिया गावचे. पुण्याला जवळचे, कारण पलटण खडकीची: बॉम्बे सॅपर्स. राणे 1940 साली साधे सॅपर म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले, फिती मिळवत वर आले आणि डिसेंबर 1947मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. खांद्यावर एक तारा. पुरते चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा, 8 एप्रिल 1948ला, नौशेरा-राजौरी रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करायचं काम त्यांच्याकडे आलं. तोफगोळ्यांत सुरुवातीलाच त्यांची दोन माणसं गेली, पाच जखमी झाली. त्यांत राणे स्वतः. तरी पुढचे तीन दिवस ते सुरुंग काढत, आडवे टाकलेले झाडांचे बुंधे उडवत, डोंगर फोडून वळणवाटा काढत रणगाड्यांच्या पुढे राहिले. राजौरी वाचली ती त्या रस्त्यामुळे. आज सगळे त्यांना ‘मेजर राणे’ म्हणतात. ते मेजर म्हणून निवृत्त झाले हे खरं, पण रस्ता मोकळा केला तो मेजरने नव्हे. पुण्यातच जन्मलेला अरुण खेत्रपालही 16 डिसेंबर 1971ला बसंतरच्या लढाईत पडला तेव्हा सेकंड लेफ्टनंटच होता, सहा महिन्यांचा. अधिकाऱ्यांतला तो सगळ्यात खालचा हुद्दा, आणि आता तर तो काढूनच टाकला आहे.

इथवर मी तुम्हाला आपल्या व्यवस्थेचं कौतुक सांगितलं. आता माझी तक्रार. शौर्यपदकं सर्वांना खुली आहेत, पण त्यांच्यासोबत ‘विशिष्ट सेवा’ पदकांची एक रांग आहे: परम विशिष्ट, अति विशिष्ट, विशिष्ट. परम विशिष्ट सेवा पदक प्रत्यक्षात लेफ्टनंट जनरल आणि त्यावरच्यांनाच मिळतं. आणि पदकं लावण्याचा जो अधिकृत क्रम आहे, त्यात ते महावीरचक्राच्या आधी येतं. अति विशिष्ट सेवा पदकही वीरचक्राच्या आधी. म्हणजे दारातून बाहेर काढलेला हुद्दा खिडकीतून पुन्हा छातीवर येऊन बसला.

जनरल अरुणकुमार वैद्यांचं उदाहरण घ्या. अलिबागचे. 1965मध्ये डेक्कन हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीचे कमांडर म्हणून, लेफ्टनंट कर्नल असताना, खेमकरणच्या आघाडीवर महावीरचक्र. 1971मध्ये ब्रिगेडियर असताना बसंतरच्या काठी दुसऱ्यांदा तेच. 1983मध्ये लष्करप्रमुख. निवृत्तीनंतर पुण्यात राहायला आले आणि 10 ऑगस्ट 1986ला पुण्यातच त्यांची हत्या झाली. भवानी पेठेतलं स्टेडियम त्यांच्या नावाचं आहे. त्यांच्या नावापुढे पदकं लिहितात ती अशी: आधी परम विशिष्ट सेवा पदक, मग दोनदा मिळवलेलं महावीरचक्र. मला हा क्रम खटकतो. याची दुसरी बाजू मला मान्य आहे. एखाद्या कोअर कमांडरच्या योजनेवर हजारो माणसांचे जीव अवलंबून असतात आणि त्याचं काम कुठल्या एका तासात दाखवता येत नाही. पण त्यासाठी त्याच्या खांद्यावर तलवार आणि दंड आहेच की. छातीवर तरी रणगाड्यातल्या माणसाला पुढे जाऊ द्या.

एक उपयोगाची गोष्ट सांगून थांबतो. तुमच्यापैकी सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या पुष्कळांच्या घरी आजोबा-पणजोबांची जुनी पदकं ट्रंकेत असतील. पहिल्या महायुद्धातलं पदक भिंगाखाली धरून त्याची कड वाचा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. शौर्यपदक असेल तर त्या नावाने लंडन गॅझेटच्या जुन्या अंकांत शोधा, ते इंटरनेटवर फुकट आहेत. इंग्रज कारकुनांनी आपल्या आडनावांची जी दशा केली आहे ती पाहता नाव सापडेलच असं नाही. तेव्हा नंबर आणि पलटण यांवरून शोधा. आता तुमचे प्रश्न घेऊ.