‘टेमेरिटी’ : डोळे झाकून केलेलं धाडस

‘टेमेरिटी’ हा इंग्रजी शब्द तुमच्या कानावरून गेलेला आहे, डोळ्यांखालूनही गेलेला आहे. अग्रलेखांत तो येतो, निकालपत्रांत येतो, स्पर्धा परीक्षांच्या शब्दयाद्यांत तर हमखास येतो. यादीत त्याच्यापुढे साहस, धाडस, धृष्टता असे दोन-तीन मराठी शब्द लिहिलेले असतात. मुलं ते पाठ करतात आणि पुढे जातात. माझी तक्रार आहे ती इथे. हे शब्द एकमेकांच्या जागी बसणारे नाहीत, आणि त्यांतला साहस हा शब्द तर आजच्या मराठीत टेमेरिटीच्या जवळपास उलट्या बाजूला जाऊन उभा आहे. आज मला एवढंच सांगायचं आहे की टेमेरिटी जोखायची ती माणसाची भीती किती गेली यावरून नव्हे. त्यानं पाहिलं किती, यावरून ती जोखायची. हे मी या काही मिनिटांत पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कारण नेमकं हेच निसटतं.

आधी शब्दाचं मूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘तेमेरे’ म्हणजे अंदाजपंचे, आंधळेपणानं, मागचा-पुढचा विचार न करता. त्यावरून ‘तेमेरितास’ आणि त्यावरून इंग्रजी टेमेरिटी. भाषाशास्त्रज्ञ या ‘तेमेरे’चं नातं आपल्या संस्कृत ‘तमस्’शी जोडतात. म्हणजे शब्दाच्या पोटात अंधार आहे. आता असं समजा, रात्री वीज गेली आहे आणि जुन्या वाड्याचा अरुंद लाकडी जिना उतरायचा आहे. एक जण वरच बसून राहतो, उतरतच नाही. दुसरा भिंतीला हात लावून, पायानं पायरी चाचपत उतरतो; भीती त्यालाही वाटत असते. तिसरा मात्र भर दुपार असल्यासारखा धडाधड खाली सुटतो. ही तिसऱ्याची गोष्ट म्हणजे टेमेरिटी. तो कदाचित सगळ्यांच्या आधी खाली पोचेलही, त्याला खरचटणारही नाही. तरीसुद्धा ती टेमेरिटीच. पायरी आहे की तुटली आहे हे त्यानं पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही याचं त्याला काही वाटलंही नाही. खाली पोचल्यावर लोक त्याला शाबासकी देतात ही आपली मोठी चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

रोमन इतिहासकार लिवी यानं हा दोष ज्यांच्या माथी मारला त्यांत फ्लामिनियस हा सेनापती आहे. इसवी सनपूर्व 217 मध्ये हॅनिबलचा पाठलाग करत तो त्रासिमेनो सरोवराच्या काठी आला. दुसऱ्या दिवशी नीट उजाडायच्या आत, पुढे टेहळणी न पाठवता, त्यानं सैन्य डोंगर आणि पाणी यांमधल्या चिंचोळ्या वाटेत घातलं. सरोवरावरून धुकं उठलेलं होतं आणि वरच्या टेकड्यांवर हॅनिबल दबा धरून बसला होता. लिवीच्या सांगण्यानुसार पंधरा हजार रोमन तिथे पडले, फ्लामिनियसही पडला. आता हा माणूस भेकड होता का? मुळीच नाही. तो लढत लढत मेला. त्याच्या शौर्याबद्दल वाद नाही, वाद आहे तो न पाठवलेल्या टेहळणीबद्दल. ॲरिस्टॉटलनं तर त्याच्याही आधी धाडसी आणि अविचारी यांतला फरक बारकाईनं सांगून ठेवला होता. अविचारी माणूस संकट यायच्या आधी उतावीळ असतो आणि प्रत्यक्ष संकटात मागे सरतो. धैर्यवान माणूस आधी शांत असतो आणि कृतीच्या वेळी तीक्ष्ण होतो. म्हणजे खरा फरक कृतीच्या आधीच्या वेळात पडतो. त्या वेळात तुम्ही काय पाहिलंत?

आणखी एक पुरावा मला फार बोलका वाटतो. बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स इंग्रजी इतिहासात ‘चार्ल्स द बोल्ड’ आहे, म्हणजे धाडसी चार्ल्स. त्याच माणसाला फ्रेंच ‘शार्ल ल तेमेरेर’ म्हणतात, म्हणजे अविचारी चार्ल्स. 1476 च्या मार्चमध्ये ग्रांसों इथे आणि जूनमध्ये मोरा इथे स्विस फौजांनी त्याला दोनदा धूळ चारली. तरी त्याच वर्षी ऐन हिवाळ्यात, रोडावलेलं सैन्य घेऊन तो नॅन्सीला वेढा घालून बसला, आणि 5 जानेवारी 1477 रोजी तिथेच मारला गेला. इंग्रजी नावात त्याची छाती दिसते, फ्रेंच नावात त्याचे मिटलेले डोळे दिसतात.

आता आपल्या साहसाकडे या. मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत साहस हे एक पद आहे, म्हणजे न्यायसभेपुढे येणाऱ्या खटल्यांचा एक प्रकार. अर्थशास्त्रातही साहस म्हणजे उघडउघड, बळजबरीनं केलेलं कृत्य, आणि त्याला दंड. दंडाच्या पायऱ्यांनाच प्रथम, मध्यम आणि उत्तम साहस अशी नावं होती. म्हणजे एके काळी हा शब्दही खाली, गुन्ह्याच्या रांगेत होता. पुढे तो वर चढला. आज आपण साहसी खेळ म्हणतो, मुलांना साहसासाठी पुरस्कार देतो, आणि निंदा करायची झाली तर पुढे ‘दुः’ जोडतो. टेमेरिटी मात्र चढली नाही, निंदेतच राहिली. म्हणून टेमेरिटीला साहस म्हणू नका. दुःसाहस म्हणा, अविचार म्हणा, आततायीपणा म्हणा. ‘डोळे झाकून’ हा आपला साधा घरगुती वाक्प्रचार तर या सगळ्यांपेक्षा जवळचा आहे.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो वजनदार आहे. नेसरीच्या खिंडीत 24 फेब्रुवारी 1674 रोजी शिवाजी महाराजांचे सरनोबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, असं परंपरा सांगते. ते मग काय होतं? माझं उत्तर असं की त्याला टेमेरिटी म्हणता येणार नाही. समोर किती फौज आहे हे सरनोबताला दिसत नव्हतं असं कोण म्हणेल? उमराणीच्या लढाईत खानाला सोडून दिल्याबद्दल महाराजांनी दिलेला बोल त्यांच्या काळजात होता आणि परिणाम डोळ्यांसमोर होता. पायरी तुटलेली आहे हे माहीत असून, खालून हाक आली म्हणून उतरणारा माणूस वेगळा. तो चूक की बरोबर, मागे राहिलेल्या फौजेचं काय, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण आंधळेपणाचा आरोप तिथे लागू होत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

दुसरा आक्षेप इंग्रजी चांगलं जाणणाऱ्यांचा. ते म्हणतील, आजच्या इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा ‘विचारण्याची टेमेरिटी केली’ अशाच वाक्यात येतो. तिथे अंधार कुठे आहे, तिथे अर्थ आहे आगाऊपणा. हे खरं आहे, आणि वापरापुढे व्युत्पत्तीचा हट्ट चालत नाही हेही मला मान्य आहे. पण हा वापर कोण करतं ते बघा. डिकन्सच्या ऑलिव्हर ट्विस्टमध्ये, जी कादंबरी 1837 पासून मासिकात क्रमशः येऊ लागली, वर्कहाउस नावाच्या गरीबखान्यातला तो भुकेला मुलगा वाडगा घेऊन पुढे जातो आणि आणखी पेज मागतो. तो प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. त्या क्षणी ऑलिव्हर स्वतःच्याच टेमेरिटीनं थोडा घाबरला होता, असं डिकन्स लिहितो. शब्द तोच आहे. आता सांगा, या मुलानं काय पाहिलं नव्हतं? चिठ्ठी त्याच्या नावावर निघाली होती, भूक त्याला माहीत होती, मार त्याला माहीत होता. त्या दालनात सगळ्यांत नीट पाहणारा तोच होता. तरीही हा शब्द त्याला चिकटतो, कारण तिथे मोजमाप गरीबखाना चालवणाऱ्या मालकांचं आहे. जिना उतरणाऱ्यानं पायरी पाहिली की नाही हे मालकाला विचारायचंच नाही; हा खाली आलाच कसा, एवढाच त्याचा राग. डिकन्सनं मालकांचा शब्द मुलाच्या तोंडाशी ठेवला आणि तो शब्द किती खोटा ठरतो हे दाखवलं, असं मी त्या ओळीचं वाचन करतो.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, विशेषतः लिहिणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना. प्रश्न विचारणाऱ्या माणसाबद्दल हा शब्द वापरण्याआधी थांबा. त्यानं काय पाहिलं नाही ते दाखवता येतं का? येत नसेल तर ती टेमेरिटी नव्हे, तुमची नाराजी आहे. आणि उलट, जिथे हा शब्द खरोखर लागतो तिथे आपण तो वापरतच नाही. पुराव्याशिवाय दुसऱ्याला दोषी मानणं, याला कॅथलिक नीतिशास्त्रात ‘तेमेरारियुम’ म्हणजे अविचारी निवाडा म्हणतात. तिथे तलवार नाही, कडा नाही, अंगाला कसलाही धोका नाही, फक्त न पाहता बोलणं आहे. इटलीच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 96 व्या कलमात असाच विचार आहे. दुष्ट हेतूनं किंवा घोर निष्काळजीपणानं दावा लढवून हरणाऱ्याला प्रतिपक्षाची भरपाई करावी लागते, आणि अशा दाव्याला तिथे ‘तेमेरारिया’ म्हणजे अविचारी दावा असंच म्हणतात. निष्काळजीपणा हा शब्द लक्षात घ्या, श्रोते हो. कायद्यानं तिथे हिंमत मोजलेली नाही, दावा लावण्याआधी कागद पाहिले होते का, हे विचारलं आहे. आपल्याकडच्या निकालपत्रांत हा शब्द कोणत्या अर्थानं येतो, याची उदाहरणं घेऊन बोलायला हवं होतं, पण वेळ संपल्याचा दिवा समोर लागला आहे आणि मला थांबायला हवं.