आजोबांची तीनशे पंधरा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून तुम्हाला वाटलं असेल ही आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलणार. मी बंदुकीवर बोलणार आहे. घाबरू नका, सोबत आणलेली नाही.

आमच्या घरात आजोबांची .३१५ ची शिकारी रायफल आहे. तळोदा-शहाद्याकडच्या काही जुन्या घरांत अशी असेलही. इंग्रजांनी लष्कराचं .३०३ काडतूस सामान्य माणसाला बंद ठेवलं होतं, म्हणून त्याच ली-एनफिल्ड घडणीवर शिकारीसाठी हे वेगळं माप आलं. पुढे इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात ती बनत राहिली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकारीवर बंधनं आली आणि आमची रायफल कपाटात गेली. तेव्हापासून तिचा प्रवास एवढाच, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात मुक्काम आणि निकालानंतर परत घरी.

काकांनंतर वारस म्हणून परवाना चुलत दादाच्या नावावर झाला. दादा म्हणाला, ‘‘एकदम नवी करी टाकू!’’ त्याच्या मनात नळी आखूड करणं, वर दुर्बीण, लाकडी दस्त्याऐवजी काळं प्लॅस्टिक. कारण विचारलं तर म्हणे, उसात बिबट्या येतो. ती भीती खरी आहे, शेतावर राहणाऱ्याला मी काय शिकवणार? पण बिबट्या अनुसूची एकमधला प्राणी आहे. त्याला पकडायचं की काय करायचं ते वनखातं ठरवतं, आपली दुर्बीण नाही.

मग मी शस्त्र अधिनियम वाचायला घेतला. मला नियमावल्या वाचायची वाईट सवय आहे. दुरुस्तीचा धंदा करणाऱ्याला कलम ५ प्रमाणे परवाना लागतो, म्हणजे गल्लीतला वेल्डर बाद. नळी आखूड करायची तर कलम ६. आणि कलम ८ सांगतं की हत्यारावरचा क्रमांक किंवा खूण कुणी पुसायची नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं. नवी चकाकी आणायला नळी बफच्या चाकावर धरली, की कडा गोल होतात आणि कोरलेले आकडे फिके पडतात. परवान्यावर जो नंबर आहे तो लोखंडावर वाचता आला नाही, तर उत्तर दादाला द्यावं लागेल. दुर्बिणीचा विषय तिथेच संपला.

पुण्यात परवानाधारक कारागीर मिळाले. सत्तरीच्या पुढचे, बोलायला कमी. दादा कागदपत्रांसह रायफल घेऊन आला, मी शेजारी बसून पाहिलं. त्यांनी पॉलिश पेपरला हातच लावला नाही. आधी दस्त्यावरचा काळा थर कापडाने उतरवला, मग खोक पडली होती तिथे ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री. वाफेने लाकडाचे दबलेले तंतू फुगतात आणि खळगा बराचसा वर येतो. नंतर जवसाचं तेल, तळहाताने, अगदी पातळ. एक हात वाळल्याशिवाय दुसरा नाही. असे बरेच दिवस. नळीवरचा निळसर काळा रंग म्हणजे खरं तर लोखंडाचा ऑक्साईडच, आवरलेला गंज म्हणा. जिथे तो शाबूत होता तिथे त्यांनी फक्त तेल दिलं.

खरा पेच दस्त्याच्या मानेशी होता. तिथे जुनी चीर, आणि तिच्यावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली. आजोबांबरोबर धडगावच्या डोंगरात वाट दाखवायला एक पावरा म्हातारबाबा असत. दस्ता तडकला तेव्हा जंगलातच त्यांनी ही तार बांधली, असं आजोबा सांगत. घरातल्या कुणालाच त्यांचं नाव ठाऊक नाही. शिकारीच्या गोष्टी ऐकताना वाघाचं माप आम्ही विचारलं, त्यांचं नाव विचारलं नाही.

कारागीर म्हणाले, ‘‘चीर आतून भरायलाच हवी, मानेवर जोर येतो. तार काढू का कायमची?’’

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, ‘‘भरा, आणि तीच तार परत बांधा.’’

त्यांनी तार सोडवली, वेढे मोजून कागदावर लिहिले, चीर भरली आणि तितकेच वेढे परत घातले. तांबं घासून चकचकीत करू का, असंही विचारलं. दादा नको म्हणाला. यंदा दिवाळीला तो धडगावला जाणार आहे, त्या बाबांच्या घरचं कुणी भेटतं का बघायला. कुणाला त्या बाजूच्या जुन्या माणसांची माहिती असेल, तर जेवणाच्या वेळी मला जरूर भेटा.