बिल्ल्याच्या कडेवरचं नाव
(सोलापूरच्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत माल उचलतो. मॅट्रिकपर्यंत शिकलो. कविता लिहितो. इतिहासकार वगैरे नाही. पण आज बोलणार आहे तुमच्या घरातल्या पेट्यांबद्दल. आजा-पणजा पलटणीतून आला तेव्हा त्यानं काय आणलं? जाड कांबळं, नंबर रंगवलेली ट्रंक, ब्रह्मदेशातल्या जपानी नोटा. जपान्यांनी तिकडं रुपयेच छापले होते; १९४५ ला त्यांची रद्दी झाली. आणि आणले बिल्ले.

बिल्ल्यांचं नीट ऐका. पहिल्या महायुद्धात लढलेल्या शिपायाला सरकारनं ब्रिटिश वॉर मेडल दिलं, चांदीचं. आणि त्याच युद्धात मुंबई बंदरातून बसऱ्याला जाऊन ओझी वाहणाऱ्या, फ्रान्सात रस्ते खोदणाऱ्या लेबर कोअरच्या हमालाला? तेच मेडल, तोच राजाचा मुखडा, मागं तोच घोडेस्वार. फक्त ब्राँझचं! म्हंजे गोऱ्यांनीही पंगत वेगळीच मांडली. मी हमाल आहे, मला हे कुणी समजावून सांगायला नको.

चांदीचे बिल्ले दुष्काळात, बाळंतपणात सराफाकडं गेले, वितळले. त्यावरचं नावही वितळलं. ब्राँझला सराफ विचारीना, म्हणून ते भंगारात गेलं नाहीतर पोरांच्या खेळण्यात. आता संग्राहक तेच शोधत फिरतात, कारण ते कमी उरलंय.

बिल्ला चाकासारखा उभा धरा. कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. तिथं '१११ महार' दिसलं तर थांबा. १८९० च्या दशकात आपली भरती बंद केली, लढाऊ जात नाही म्हणून. १९१७ ला माणसं कमी पडली तेव्हा ही पलटण उभी केली, १९२१ ला मोडली. गरज होती तोवर लढाऊ, काम झालं की पुन्हा येसकर. १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट निघाली, तिच्या टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर स्तंभ गेला, खंजीर आला. तो जुना बिल्ला कुणाच्या घरी असेल तर पोटाशी धरा.

कुणी म्हणेल, इंग्रजाची चाकरी, तिचा कसला अभिमान? अभिमानाचं मी बोलतच नाही. गावच्या दप्तरात आपला पणजा 'महार' एवढाच असायचा. या कडेवर त्याला नाव आहे. इंग्रजीत, वेडंवाकडं, पण नाव. आणि पलटणीतून नुसते बिल्ले नाही आले, अक्षर आलं. गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून पेन्शन घेऊन आले न् १८८८ ला 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. सुभेदार रामजी सकपाळ तर लष्करी शाळेत शिकवायचे, त्यांचा पोरगा कोण ते इथं सांगायला नको.

सोलापूरनं डॉ. कोटणीसांचं स्मारक केलं. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ ला तो माणूस तिथंच गेला. स्मारक केलं, बरोबरच केलं. मग बसऱ्याच्या हमालाचं कुणी करायचं?

तर येत्या रविवारी वह्या घेऊन वस्तीत निघायचं. बिल्ला मागायचा नाही, तो म्हातारीच्या पेटीतच राहू द्या. नाव उतरवून घ्या, कडेचा फोटो काढा. कुणी चिंच-राखेनं घासत असेल तर हात धरा, अक्षरं झिजतात. आणि ज्यांच्याकडं ब्राँझचं आहे, त्यांच्या घरी आधी जा.