मुक्कामाचे गाव : ओरत्तनाडु

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त शाळेच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुंबईहून नाशिककडे जाणारा प्रवासी कसारा सुटला की खिडकीशी सरकून बसतो. गाडी मंदावते, मागे लावलेली जादा इंजिने तिला वर ढकलू लागतात, बोगद्यांमागून बोगदे जातात आणि घाटमाथ्यावर इगतपुरी येते. थळघाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट असा खडा आहे. १ जानेवारी १८६५ रोजी लोहमार्ग इगतपुरीपर्यंत खुला झाला, आणि घाट चढून आलेल्या गाडीला तेथे थांबणे भाग पडले. गाडी थांबली म्हणून इंजिनवाले राहिले, ते राहिले म्हणून रेल्वेची वसाहत झाली, वसाहतीमागून बाजार आला. पुढे कित्येक वर्षे विजेचा प्रवाह याच ठिकाणी बदलत असल्यामुळे प्रत्येक गाडीचे इंजिनही येथेच बदलावे लागे. इगतपुरी हे वाटेने वसविलेले गाव आहे. वाटेवरच्या गावांचे नशीब मात्र वाटेच्याच हाती असते. प्रवाह सर्वत्र एक झाला, इंजिन बदलण्याचे कारण संपले आणि फलाटावरची ती जुनी लगबगही पुष्कळशी ओसरली.

आजचा विषय अशाच एका गावाचा आहे. फक्त तेथे डोंगर नाही आणि आगगाडी तर आजतागायत पोहोचलेली नाही. तमिळनाडूत, तंजावरच्या दक्षिणेस, पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर, पायी चालणाऱ्याच्या एका दिवसाच्या मजलेवर ओरत्तनाडु नावाचे तालुक्याचे गाव आहे. इगतपुरीला लोहमार्गाने जे दिले, ते ओरत्तनाडूला त्याच्या साठ वर्षे आधी पायवाटेने दिले, आणि त्या देण्यामागे हात एका मराठी राजाचा होता.

ही पायवाट म्हणजे सेतुमार्ग. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वरास न्यावयाची आणि सेतूची वाळू परत गंगेस अर्पण करावयाची, हा उत्तरेच्या आणि महाराष्ट्राच्याही भाविकांचा शतकानुशतकांचा नेम. तीच कावड वाटेतल्या तहानेल्या गाढवाला पाजणाऱ्या नाथांची कथा मराठी घरांत कोणास ठाऊक नाही? तंजावरपर्यंत या यात्रेकरूची सोय बरी होती; कावेरीचे खोरे सुपीक, देवळे जवळजवळ. खरी परीक्षा त्यापुढे होती. तंजावरच्या दक्षिणेचा मुलूख उंचवट्याचा आणि पाण्याला महाग होता. नदीचे पाणी तेथवर येत नसे. पाऊस आणि तळी यांवरच सारी मदार. पट्टुकोट्टै, राजामडम, मग समुद्रकाठाने मणमेल्कुडी, मीमिसल आणि पुढे रामनाथपुरम, अशी ती वाट होती. आजारी पडलेला यात्रेकरू या टापूत जेथे पडला तेथेच संपावयाचा.

व्यंकोजीराजांच्या वंशजांनी या वाटेवर छत्रे बांधली. संस्कृतातील 'सत्र' तमिळमध्ये 'सत्तिरम्' झाले आणि आपल्या अन्नछत्रात 'छत्र' होऊन बसले. बहुतेक छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत : नीडामंगलमला यमुनांबाळ, राजामडमला मोहनांबाळ, मणमेल्कुडीला द्रौपदांबाळ. ओरत्तनाडूच्या छत्राचे नाव मुक्तांबाळ. ही मुक्तांबा दुसऱ्या सरफोजीराजांची प्रिया होती, विवाहित राणी नव्हती. इतरांच्या नावे छत्रे आहेत, आपल्याही नावे एक असावे, अशी इच्छा तिने मृत्युशय्येवर बोलून दाखविली, असे सांगितले जाते. राजांनी ती पाळली. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी छत्र उभे राहिले, आणि भोवतालच्या वस्तीला मुक्तांबापुरम असे नाव मिळाले. इतिहासाच्या ग्रंथांत जिला दोन ओळींपलीकडे जागा नाही, त्या स्त्रीच्या नावावर एक गाव वसले!

हा काळ ध्यानात घेण्यासारखा आहे. सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे किल्ला, त्याचा परिसर, महसुलाचा पाचवा हिस्सा आणि ठरलेले वार्षिक नेमणुकीचे द्रव्य एवढेच उरले. फौज नाही, मुलूख नाही. अशा राजाने काय राखावे? १८०१ च्या जानेवारीत त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक लांब पत्र लिहिले. ते हक्क-मानपानाविषयी नाही, छत्रांविषयी आहे. तंजावरचा प्रांत दानधर्मासाठी सर्वत्र नावाजलेला आहे, त्याला धर्मराज्य म्हणतात, आणि आपल्या पदाचे सर्वांत मोठे भूषण तेच आहे, असा त्याचा आशय आहे. छत्रांच्या जमिनी आणि उत्पन्न यांना हात लागू नये, ही त्यातील कळकळ आहे.

त्याच पत्रात छत्रांत काय चालते याचे वर्णन आहे, आणि ते वाचताना आजही मनुष्य थबकतो. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, अतीत, बैरागी, जो येईल त्याला शिजलेला भात; ज्याला शिजलेले चालत नाही त्याला मसाल्यांसह कोरडा शिधा. सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत अन्नदान चालू. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करावयाचा, की कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे आणि आपल्यासाठी राखलेले अन्न घ्यावे. पावसात अडकलेल्याला पाऊस उघडेपर्यंत जेवण. आजाऱ्याला औषध आणि पथ्य. सूज, विषबाधा, सर्पदंश यांवर उपचार जाणणारे वैद्य नेमलेले. प्रवासात बाळंत होणारी स्त्री तीन महिने राहू शके. तान्ह्या मुलांना दूध मिळे. वाटेत मरण आलेल्याचा अंत्यविधी त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे होई.

पंक्ती एक होती असे कोणी समजू नये. जातींचे भेद छत्राच्या दारात गळून पडत नव्हते. वेदांचे अध्यापक नेमलेले होते आणि मानाची उतरंडही होती. परंतु उपाशी कोणीही परत जाऊ नये एवढा नियम त्या उतरंडीच्या वर ठेवलेला होता, आणि १८०१ साली ही गोष्ट लहान नव्हती.

ज्या वाक्यासाठी हे पत्र शाळेच्या व्यासपीठावरून सांगावेसे वाटते, ते पोरक्या मुलांविषयीचे आहे. वाटेत आईबाप दगावलेली परक्यांची मुले छत्रातील पंतोजीच्या स्वाधीन केली जात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, दर चार दिवसांनी तेलाचे अभ्यंग, कपडे, आजारपणात औषध. ज्या विद्येची त्यांना आवड दिसेल ती शिकवावयाची. आणि ती पुरी झाल्यावर त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्राने करावयाचा. मुलाचा कल पाहून विद्या द्यावी, हे आज आपण नव्याने शिकल्यासारखे बोलतो. येथे मुक्कामाची जागा शाळा झाली. ओरत्तनाडूस तर हे अधिक ठळकपणे घडले. तेथील पाठशाळेत १५ शिक्षक सकाळ-संध्याकाळ मिळून ४६४ विद्यार्थ्यांना शिकवीत असल्याची नोंद आहे. वेदशास्त्रांच्या जोडीने भाषा आणि नव्या विद्या यांचाही तेथे अभ्यास चाले. सरफोजीराजे स्वतः मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढले होते, तरंगंबाडीच्या डेनिश वसाहतीतील शाळा त्यांनी पाहिलेल्या होत्या; त्या पाहण्याचे फळ या आडवाटेच्या गावाला मिळाले.

पुढे गाव वाढले ते सरळ रेषेत नव्हे. १८६१-६२ मध्ये नागपट्टिणम ते तंजावर-तिरुचिरापल्ली लोहमार्ग झाला. त्यानंतरची दुसरी एक शाखा विसाव्या शतकाच्या आरंभी पट्टुकोट्टैला पोहोचली. दोन्हींच्या मध्ये ओरत्तनाडु कोरडे राहिले. फेब्रुवारी १९१४ मध्ये पांबनचा पूल खुला झाला आणि काशीचा यात्रेकरू आगगाडीने सरळ रामेश्वराच्या बेटावर उतरू लागला. सेतुमार्गावरची रहदारी आटली. इगतपुरीला जन्म देणाऱ्या आगगाडीने ओरत्तनाडूचे जन्मकारणच काढून घेतले, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

गाव संपले नाही, याची कारणे दोन. एक पाणी. १९३४ मध्ये मेट्टूर धरणाबरोबर कल्लणैचा नवा कालवा पुरा झाला आणि या कोरड्या माळावर कावेरी प्रथमच आली. भात आला, नारळाच्या बागा आल्या. (त्या बागांवर नोव्हेंबर २०१८ च्या गज वादळाने कसा घाला घातला, हा निराळा आणि दुःखाचा विषय आहे.) दुसरे कारण शिक्षण. यात्रेकरू गेले तरी विद्यार्थी जात नाहीत. छत्राच्या इमारतीत पुढे कित्येक वर्षे विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते. २०१२ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालयही याच गावी निघाले. तंजावर-पट्टुकोट्टै लोहमार्गाची मागणी अद्याप चालूच आहे. विद्यार्थी बसने येतात.

आणि छत्र? दर्शनी भागाच्या जोत्यावर हत्ती-घोडे कोरलेले, जणू ती सारी वास्तू रथ करून ओढली जात आहे; आत प्रशस्त चौक, कोरीव खांब. तंजावरची छत्रे आज तेथील जिल्हा प्रशासनाच्या व्यवस्थेत आहेत. मुक्तांबाळ छत्राची मात्र पडझड झालेली आहे. महाराष्ट्रातून तंजावरास जाणारे लोक बृहदीश्वराच्या भिंतीवरचा १८०३ चा मराठी शिलालेख पाहतात, सरस्वती महाल ग्रंथालय पाहतात, अभिमानाने छायाचित्रे काढतात आणि त्रिचीची गाडी पकडतात. तासाभराच्या अंतरावरच्या या वास्तूकडे त्यांतले फारच थोडे वळतात. तंजावरच्या राजदरबाराचे मोडी कागद तेथे गठ्ठ्यांनी जपून ठेवलेले आहेत. त्यांतील पुष्कळ भाग तमिळ अभ्यासकांनी परिश्रमपूर्वक वाचून तमिळमध्ये प्रसिद्ध केला. भाषा आपली, लिपी आपली, आणि वाचणारे ते! या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी दोघाचौघांनी जरी मोडी शिकून तिकडची वाट धरली, तरी त्यांना तेथे काम अपुरे पडणार नाही. तंजावरहून पट्टुकोट्टैची बस दिवसभर मिळते, आणि छत्र गावातच आहे.