बाटलीभर धातू, एकोणीस किलो

कुठल्याही टपरीत एक लिटर पाण्याची बाटली मिळते. तिच्यात शिसं भरलं, तर वजन भरेल साधारण सव्वाअकरा किलो. डिप्लिटेड युरेनियम भरलं, तर एकोणीस!

अणुइंधनासाठी कामाचं युरेनियम-२३५ बरंचसं काढून घेतलं की मागे उरतं ते हे. अमेरिकेनं त्याचे एब्रम्स रणगाड्यासाठी १२० मिलिमीटरचे गोळे केले, ए-१० विमानाच्या तोफेसाठी ३० मिलिमीटरचे. १९९१च्या आखाती युद्धात सुमारे ३०० टन वापरलं गेलं.

या गोळ्यात स्फोटक नसतं, नुसता लांब दांडा. चिलखतात घुसताना त्याच्या कडा झडतात, टोक मात्र अणकुचीदारच राहतं. वर ती झडलेली भुकटी पेट घेते. आत बसलेल्यांचं काय होत असेल, ते न बोललेलंच बरं. किरणोत्सार नैसर्गिक युरेनियमपेक्षाही कमी, पण भुकटी श्वासावाटे शरीरात गेली तर मूत्रपिंडांना धोका.

आपल्याकडे पुण्यात पाषाणच्या एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेनं अर्जुन रणगाड्यासाठी असाच गोळा विकसित केला, पण दांडा टंगस्टनच्या मिश्रधातूचा. त्याचं टोक आदळल्यावर जरा पसरतं, भेदनशक्ती थोडी कमी पडते. तरी मला हा सौदा शहाणपणाचा वाटतो; लढाईनंतर त्याच रानात कुणाला तरी पेरणी करायची असते.

चिलखत किती जाड असतं, ते जवळून पाहायचं असेल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय गाठा. १९६५च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन रणगाडा तिथे उभा आहे.